उभ्या गाडीची जागल: खेड्यात डॅशकॅम कसा बसवायचा अन् कसा टिकवायचा

माघात आमच्या गाडीच्या उजव्या अंगाला, पुढच्या चाकाच्या वरपासून आरशापर्यंत, हातभर ओरखडा पडला. गाडी रात्रभर पाराजवळ उभी होती. शेजारच्या पोराची मोटरसायकल तिथूनच निघते, म्हणून मी मनातल्या मनात त्याच्यावर खटला भरला आणि निकालही देऊन टाकला. पंधरा दिवस त्याच्याशी बोललो नाही. महिन्याभरानं डॅशकॅम, म्हणजे काचेला आतून चिकटवायचा छोटा व्हिडिओ कॅमेरा, बसवला, आणि चौथ्याच दिवशी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी तसाच ओरखडा पुन्हा पडला, पहिल्याच्या वीतभर खाली. या वेळी मात्र दिसलं. पऱ्हाट्यांनी, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांनी, गच्च भरलेली बंडी, दोन्ही बाजूंनी हात-दीड हात बाहेर आलेल्या काड्या, आणि त्यातली एक बोनेटच्या कडेवरून करकरत गेली. बंडीवाल्या आजोबांना मोबाईलवर दाखवलं तर ते म्हणाले, “अजी मास्तर, मले तं पताच नाई! मी बैलाईले हाकू का मांगं पाहू?” दुसऱ्या दिवशी पायलीभर हरभरा घरी आला. शेजारच्या पोराची माफी मात्र मला स्वतः जाऊन मागावी लागली.

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात घराला गॅरेज असणं म्हणजे चैन. गाडी पाराजवळ, शाळेच्या भिंतीशी, नाहीतर वावराच्या धुऱ्यावर कडुनिंबाखाली उभी राहते. उभ्या गाडीसाठी डॅशकॅम लावायचा तर शहरातले सल्ले इथं अर्धेच कामाचे. शहरात गाडी तळघरात सावलीत असते, वायफाय हाताशी असतं, रात्री उजेड असतो. इथं ऊन आहे, अंधार आहे आणि नेटवर्क एका दांडीचं आहे. दोन उन्हाळे, एक मेलेली बॅटरी आणि एक वितळलेली चिकटपट्टी खर्चून जे शिकलो ते इथं सविस्तर देतो.

आधी गाडी कुठं उभी असते ते पाहा

कॅमेरा घेण्याच्या आधी एक संध्याकाळ यासाठी काढा. गाडी नेहमीच्या जागी लावा, आत बसा, आरशाच्या मागं मोबाईल धरून पुढचा आणि मागच्या काचेतून मागचा व्हिडिओ घ्या. जे दिसेल साधारण तेवढंच कॅमेऱ्याला दिसणार, कडेनं थोडं जास्त. दारांच्या बाजू दोन्ही कॅमेऱ्यांना दिसत नाहीत. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: एक बाजू भिंतीला लावा आणि गाडीचं तोंड वर्दळीकडं करा. मी आधी शिस्तीत रस्त्याला समांतर लावायचो. आता शाळेच्या भिंतीशी तिरपी लावतो, म्हणजे येणारी बंडी, ट्रॅक्टर, मोटरसायकल समोरून दिसते आणि नंबरपाटीही येते.

धोका कशाचा, हेही ठरवून घ्या. आमच्याकडं चोरीपेक्षा घासणं जास्त. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टरची ट्रॉली वळताना मागचा कोपरा मारते. माघ-फाल्गुनात पऱ्हाट्यांच्या बंड्या. आठवडी बाजाराच्या दिवशी हातगाड्या आणि क्रेट. लग्नसराईत तर मंगल कार्यालयाच्या मैदानात शंभर गाड्या कशाही लागलेल्या, आणि जेवणं झाल्यावर सगळे एकदमच रिव्हर्स घेतात. गुरं अंग खाजवायला बंपरला घासतात, शेळ्या गरम बोनेटवर चढतात, वानरं वायपर उपटतात. बहुतेक वेळा मागून लागतं, म्हणून पुढचा-मागचा असा दोन डोळ्यांचा कॅमेरा घ्या. पैसे एकाच डोळ्याचे असतील तर पुढचाच घ्या आणि गाडी भिंतीला पाठ करून लावा.

काय दिसणार नाही तेही समजून ठेवा. बोनेटखाली उंदीर वायरी कुरतडतो ते कॅमेऱ्याला कळत नाही. कोणी बॅटरी काढायला बोनेट उघडलं तर समोरच्या कॅमेऱ्याला उभं राहिलेलं बोनेटच दिसतं. माणूस येताना आणि जाताना जो दिसेल तेवढाच.

विकत घेताना

दुकानदार फोर-केची, म्हणजे खूप बारीक तपशिलाच्या चित्राची, बढाई मारील. तिकडं लक्ष देऊ नका. उभ्या गाडीसाठी टेन-एटी-पी, म्हणजे साधं फुल एचडी चित्र, पुरतं. आपल्या उन्हात खरा प्रश्न एकच विचारायचा: आत लिथियम बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर? स्वस्त कॅमेऱ्यात छोटी लिथियम बॅटरी असते. मे महिन्यात बंद गाडीत ती फुगते. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याचं पोट इतकं फुगलं की मागचं झाकण उघडून आलं. सुपरकपॅसिटर वीज साठवतो काही सेकंदांचीच, म्हणजे वीज गेली तर चालू फाईल नीट बंद करण्यापुरती, पण उष्णता बऱ्यापैकी सोसतो. डब्यावर कामाच्या तापमानाची मर्यादा छापलेली असते ती वाचा. ६० अंशांचा असेल तर परत ठेवा, ७० चा पाहा.

दुसरी गोष्ट पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असतानाही पाहत राहण्याची सोय. हे नाव सगळेच लिहितात, पण प्रकार वेगळे असतात. धक्का लागला की जागा होणारा कॅमेरा सगळ्यात कमी वीज खातो, पण त्याला जागं व्हायला क्षण-दोन क्षण लागतात, तोवर ट्रॉली निघून गेलेली असते. पऱ्हाटीच्या काडीनं तर धक्का असा लागतच नाही. हालचाल दिसली की रेकॉर्ड करणारा दुसरा प्रकार. तो वाऱ्यानं हलणाऱ्या कडुनिंबाच्या फांदीलाही चोर समजतो. तिसरा टाइमलॅप्स, म्हणजे सेकंदाला एखाद-दुसरं चित्र घेत सतत चालणारा. मला खेड्यासाठी सर्वात पटतो तो ‘बफर’वाला: तो सतत पाहत असतो, पण घटना घडली तरच तिच्या आधीच्या काही सेकंदांसकट जपतो. आधीचे ते पाच-दहा सेकंदच कामाचे असतात, कारण येणारं वाहन त्यातच दिसतं.

सिमकार्ड घालून मोबाईलवर सूचना पाठवणारे कॅमेरेही मिळतात. आमच्या गावात फोनवर बोलायला पारावर चढावं लागतं, त्यामुळं मी त्यावर पैसे घातले नाहीत. तुमच्या गावात नेटवर्क धड असेल तर विचार करा.

मेमरी कार्डात मात्र कंजुषी नको. मोबाईलचं जुनं कार्ड घालू नका. डॅशकॅम दिवसरात्र पुसतो-लिहितो, साधं कार्ड त्यात लवकर मरतं, आणि मेलं की सांगत नाही. पुढचा दिवा लुकलुकत राहतो आणि आत काहीच नसतं. ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं कार्ड घ्या. हिशेब असा: टेन-एटी-पीच्या एका मिनिटाला साधारण १०० एमबी धरा. ६४ जीबीच्या कार्डात एका डोळ्याचं दहा-साडेदहा तास मावतं, दोन डोळ्यांचं पाच तास. सतत रेकॉर्डिंग ठेवणार असाल तर १२८ जीबी घ्या, पण कॅमेरा किती जीबीपर्यंत घेतो ते आधी पाहा. बाजारात नकली कार्डंही असतात. घरी आणल्यावर संगणकावर ते काठोकाठ भरून, फाईली उघडून पाहा. नकली कार्ड अर्ध्यावरच उघडं पडतं.

बॅटरीचं गणित

शेतात जागलीला गेलेल्या माणसाला शिदोरी लागते, तशी कॅमेऱ्याला रात्रभर वीज. ती गाडीच्या बॅटरीतूनच जाणार, आणि सकाळी गाडी सुरू व्हायलाही तीच बॅटरी लागणार.

सिगारेट लायटरच्या भोकातून कॅमेरा चालवला तर बहुतेक गाड्यांत चावी काढली की वीज बंद. म्हणजे तो फक्त चालत्या गाडीचा कॅमेरा. उभ्या गाडीसाठी ‘हार्डवायर किट’ लागतं: तीन वायरी आणि मध्ये एक छोटी डबी. या डबीचं काम बारा व्होल्ट कमी करून कॅमेऱ्याला पाच व्होल्ट देणं, आणि बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की कॅमेऱ्याचा पुरवठा तोडणं. दुसरं काम न करणारं स्वस्त किटही मिळतं. मी तेच घेतलं होतं. चुलत बहिणीच्या लग्नाच्या दिवशी पहाटे वरात मोर्शीला निघायची आणि आमची गाडी नुसती टिकटिक करत होती. नवरीच्या मामांनी आणि बँडवाल्यांनी धक्का मारला तेव्हा ती सुरू झाली. त्यानंतर वर्षभर प्रत्येक लग्नात मला विचारायचे, “काऊन मास्तर, कॅमेरा लावला का काढला?”

गणित सोपं आहे. दोन डोळ्यांचा कॅमेरा साधारण ४ वॅट खातो, म्हणजे बारा व्होल्टला अंदाजे एक तृतीयांश अँपिअर. रात्रीचे दहा तास धरले तर सव्वातीन-साडेतीन अँपिअर-तास गेले. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. ऐकायला भरपूर वाटते, पण गाडीची बॅटरी अर्ध्याखाली नेली की तिचं आयुष्य घटतं आणि स्टार्टरला जोरही मिळत नाही. म्हणजे वापरायला साताठ ते फार तर पंधरा अँपिअर-तास. नव्या बॅटरीवर दोन रात्री ठीक, तीन वर्षांच्या बॅटरीवर एक. आणि खर्च झालेलं भरून निघायला गाडी पळावी लागते. घरापासून कृषी केंद्रापर्यंतच्या दोन किलोमीटरात काही भरत नाही. अर्धा-पाऊण तास आर्वी-वर्धा रस्त्यावर धावली तर जमतं. ज्यांची गाडी आठवड्यातून एकदाच निघते त्यांनी पार्किंग मोड रोज लावूच नये, फक्त बाजाराच्या दिवशी आणि लग्नाकार्यात लावावा.

कटऑफ, म्हणजे किट ज्या पातळीला पुरवठा तोडतं तो आकडा, किती ठेवायचा? पूर्ण भरलेली, रात्रभर विसावलेली बॅटरी मल्टिमीटरवर, म्हणजे व्होल्ट मोजायच्या यंत्रावर, १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे अंदाजे अर्धी, १२ म्हणजे पाव. किटवर १२, १२.२, १२.४ असे पर्याय असतात, काहींवर ११.६ सुद्धा असतो. तो पर्याय आपल्याला नाहीच असं समजा. मी १२.२ ठेवतो, थंडीत १२.४. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आठ-दहा अंशांवर तापमान उतरतं तेव्हा डिझेल गाडी सुरू व्हायला जास्तीचं बळ मागते. किटमध्ये किंवा कॅमेऱ्यात वेळेची मर्यादा असेल तर तीही लावा, बारा तासांची.

काहीजण सीटखाली पॉवर बँक ठेवतात. उन्हाळ्यात तसं करू नका. बंद गाडीत लिथियमचा ठोकळा ठेवून वावरात जाणं म्हणजे चुलीवर दूध ठेवून बाजारात जाणं.

वायर जोडणं

हे काम मेकॅनिककडून करून घ्या किंवा हात बसलेला असेल तर घरी करा. मेकॅनिककडून करून घेतलं तरी स्वतः उभे राहा. त्याला पहिल्यांदाच सांगा की गाडीची कुठलीच वायर सोलायची नाही. सोलून पिळलेला जोड पावसाळ्यात गंजतो, आणि शोरूमवाले वॉरंटीचा वाद काढतात तो अशाच जोडावरून. ‘फ्यूज टॅप’ नावाची छोटी वस्तू मिळते. फ्यूजच्या जागी ती बसते, तिच्यात जुना फ्यूजही राहतो आणि कॅमेऱ्याचा वेगळा फ्यूजही.

१. गाडीच्या पुस्तकात फ्यूजचा तक्ता पाहा. फ्यूज बॉक्स बहुतेकदा स्टिअरिंगखाली किंवा डॅशबोर्डच्या कडेला असतो. एक फ्यूज काढून त्याचा आकार पाहा, मगच टॅप आणा. मिनी, बुटका मिनी आणि मायक्रो हे दिसायला सारखे वाटतात पण एकमेकांच्या जागी बसतीलच असं नाही.

२. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनच्या संगणकाच्या फ्यूजला हात लावायचा नाही. तक्त्यावर ‘एसआरएस’ लिहिलेलं असलं की ती एअरबॅग.

३. मल्टिमीटर घ्या, तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशेत साधा मिळतो. चावी काढून, दारं लॉक करून ज्यात बारा व्होल्ट दिसतात असा एक फ्यूज शोधा: आतला दिवा, सेंट्रल लॉक असे. दुसरा असा शोधा की चावी फिरवल्यावरच वीज येते: वायपर, सॉकेट. इथं माझी एक फजिती सांगतो. नव्या गाड्या लॉक केल्यावर वीसेक मिनिटांनी ‘झोपतात’, आणि कायम चालू वाटलेला फ्यूजही बंद होतो. म्हणून अर्धा तास थांबून पुन्हा मोजा. मी थांबलो नव्हतो, आठवडाभर कॅमेरा रोज रात्री वीस मिनिटंच जागायचा.

४. किटची पिवळी वायर कायम चालू फ्यूजला, लाल वायर चावीच्या फ्यूजला, काळी गाडीच्या अंगाला. बहुतेक किटवर हेच रंग असतात, तरी वायरीवरच्या चिठ्ठीवर बॅट (कायम चालू), एसीसी (चावीची), जीएनडी (गाडीचं अंग) वाचूनच जोडा. लाल-पिवळी उलटी झाली तर गाडी बंद झालेली कॅमेऱ्याला कळत नाही आणि पार्किंग मोड लागतच नाही.

५. टॅप सुलटा बसला का, याची परीक्षा: टॅपमधला गाडीचा जुना फ्यूज क्षणभर काढा, कॅमेऱ्याचा राहू द्या. कॅमेऱ्याला वीज येत असेल तर सुलटा. येत नसेल तर टॅप फिरवून बसवा, नाहीतर दोन्हींचा भार एकाच फ्यूजमधून जाईल. कॅमेऱ्यासाठी किटसोबत येतो तो दोन-तीन अँपिअरचा फ्यूजच ठेवा, मोठा घालू नका.

६. काळी वायर उघड्या लोखंडावर, गाडीच्या अंगात शिरलेल्या बोल्टखाली दाबा. रंगावर किंवा प्लॅस्टिकमधल्या स्क्रूला नको. कॅमेरा मधूनच बंद-चालू होतो अशा पुष्कळ तक्रारी या काळ्या वायरीच्या असतात.

७. वायर छताच्या कापडाच्या कडेत बोटानं दाबत न्या. पुढच्या खांबात पडद्याची एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून, म्हणजे काचेच्या बाजूनं उतरली पाहिजे, पुढून नाही. पेडलजवळ लोंबू देऊ नका, पट्टीनं बांधा.

कॅमेरा आतल्या आरशाच्या मागं, वायपर जिथं काच पुसतो त्या पट्ट्यात लावा. काचेच्या वरच्या कडेला काळे ठिपके असतात, त्यांच्यावर चिकटपट्टी धरत नाही. काच स्पिरिटनं पुसा, पट्टी दाबून धरा आणि पहिला दिवस उन्हात न लावता जाऊ द्या.

सेटिंग, थोडक्यात

धक्क्याची संवेदना चालत्या गाडीसाठी कमी आणि उभ्या गाडीसाठी मध्यम ठेवा. जास्त ठेवली तर दार लावल्याची, ढग गडगडल्याची, डीजेच्या गाडीची फाईल जपून ठेवली जाते, आणि जपलेल्या फाईली कॅमेरा सहसा पुसत नाही, त्यामुळं कार्ड भरतं. तारीख-वेळ बरोबर लावा, जीपीएस असेल तर वेळेचा विभाग साडेपाच तास पुढचा निवडा. चुकीच्या वेळेच्या व्हिडिओवर समोरचा माणूस पहिलं बोट तिथंच ठेवतो. आवाज बंद ठेवा, कारण पुढं सांगतो. डॅशकॅमचा लुकलुकणारा दिवा रात्री चालू ठेवावा की नाही, यावर लोकांची मतं वेगळी आहेत. मी चालू ठेवतो. भुरटा माणूस दिवा पाहून दुसऱ्या गाडीकडं जातो, आणि मला तेवढंच हवं आहे.

उन्हाळा

एप्रिलपासून मृग लागेपर्यंत हा वेगळाच विषय आहे. वर्धा, चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरी इथं पारा ४५-४६ वर जातो, तेव्हा उन्हातल्या बंद गाडीची हवा साठीच्या वर चढते, आणि काळा डॅशबोर्ड व काचेचा वरचा भाग त्याहूनही तापतो. कॅमेरा नेमका त्याच काचेला चिकटलेला. मागच्या नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, दुपारी दोनला गाडी उघडली तर कॅमेरा डॅशबोर्डवर उलटा पडलेला, पट्टीचा डिंक काचेवर गुळाच्या पाकासारखा ओघळलेला. कॅमेरा हातात धरवत नव्हता.

तेव्हापासून माझा नियम असा. मे महिन्यात सकाळी अकरा ते पाच पार्किंग मोड बंद. कॅमेऱ्यात सोय नसेल तर किटच्या वायरीत एक छोटा स्विच बसवून घेता येतो, माझा स्टिअरिंगखाली आहे. तसंही त्या उन्हात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. गाडी कडुनिंबाखाली किंवा शेडमध्ये, आणि नसेल तर तोंड उत्तरेकडं. काचेवरचा चंदेरी पडदा लावताना कॅमेऱ्यापुढं आडवा येतो. मी पडद्याला वरच्या बाजूनं बशीएवढी खाच कापली आहे. कॅमेरा पाहतोही आणि पडदा कॅमेऱ्याच्या पाठीला लागूनही राहत नाही. काच किंचित खाली ठेवून वाफ जाऊ देणं चांगलं, पण वानरांच्या गावात नाही.

काळी फिल्म लावून गाडी थंड ठेवण्याचा सल्ला कोणी देईल. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली त्यावर बंदी घातली तेव्हापासून तो दंडाचा मामला आहे, आणि मागच्या कॅमेऱ्याचं रात्रीचं दिसणंही त्यानं जातं.

अंधार

कुठल्याही कॅमेऱ्याच्या जाहिरातीत रात्रीचं चित्र शहरातल्या दिव्याखालचं असतं. अमावस्येला आमच्या पाराजवळ कॅमेऱ्याला फक्त काळं दिसतं, आणि समोरून ट्रॅक्टर आला की दोन पांढरे गोळे. नंबरपाटी त्या झगमगाटात धुऊन निघते. रात्री चांगलं पाहणारा सेन्सर असला तरी चार-पाच मीटरपलीकडची पाटी वाचायची आशा मी सोडली आहे.

यावर महागड्या कॅमेऱ्यापेक्षा दिवा स्वस्त पडतो. माणूस आला की लागणारा सौर दिवा भिंतीवर, गाडीच्या नाकाच्या बाजूला पण कॅमेऱ्याच्या मागं, साताठ फूट उंचीवर बसवा, म्हणजे उजेड येणाऱ्याच्या तोंडावर पडतो. दिवा कॅमेऱ्यासमोर लावला तर तोच डोळ्यात जातो. भारनियमनातही तो चालतो, हा आपल्याकडचा मोठा फायदा. भिंत नसेल तर ग्रामपंचायतीच्या खांबाजवळ गाडी लावा आणि बंद पडलेला दिवा बदलायला लावा, त्यासाठी मला दोन ग्रामसभा लागल्या.

शेजारपाजार

बसवल्यावर आठवड्यानं हापशीवरच्या एका काकूंनी मला थांबवलं. “मास्तर, तुमच्या गाडीतला तो दिवा आमाले पायते का जी?” मी घरी जाऊन फाईली पाहिल्या. पाहत होता. हापशी पूर्ण चौकटीत, बायका कपडे धुताना, लेकरांना आंघोळ घालताना. मला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं. त्याच दिवशी गाडी फिरवून उभी केली, आवाज बंद केला आणि काकूंना मोबाईलवर नवी चौकट दाखवली: शाळेची भिंत आणि रस्ता. बाईला तिच्या खाजगी क्षणी चोरून टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ चा गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधीही खेड्यात डोळ्याला मर्यादा असते. हापशी, नदीचा घाट, कोणाची सांदवाडी, न्हाणी, शाळेचं मुलींचं दार यांच्याकडं तोंड करून कॅमेरा लावायचा नाही. पारावर बसलेल्यांचं बोलणं टिपायचं नाही. गावाला आधीच सांगून टाका की कॅमेरा आहे आणि कुठं पाहतो. निम्मी राखण त्या सांगण्यानंच होते.

काही घडलंच तर

पहिलं काम: कॅमेरा बंद करून कार्ड काढा. गाडी सुरू केली की नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढू लागतं. कार्डाची प्रत संगणकावर घ्या, मूळ कार्ड कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून बाजूला ठेवा, कॅमेऱ्यात दुसरं घाला. म्हणूनच सुटं एक कार्ड घरात असावं. व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाईल दाबून लहान केलेली असते, तिला पुरावा समजू नका. तिथं पाटीचे आकडे पुसट होतात.

मग गाडीचे, जागेचे फोटो काढा, लागलेल्या जागी दुसऱ्या रंगाचा लेप असेल तर जवळून. ट्रॉलीचा लाल-निळा रंग तिथं सापडतो.

गावातलंच प्रकरण असेल तर मी आधी बोलतो. २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेमुळं बहुतेक गावांत समिती आहे, निदान तिचे जुने अध्यक्ष तरी आहेत. त्यांच्या ओट्यावर, चारचौघांत, आवाज न चढवता व्हिडिओ दाखवा. गावाच्या ग्रुपवर टाकू नका. एकदा टाकला की गाडीचा विषय संपतो आणि घराण्याचा सुरू होतो.

चोरी किंवा मुद्दाम केलेली मोडतोड असेल तर पोलीस. तातडीचं असेल तर ११२. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. मुद्दाम केलेलं नुकसान हे न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली येतं. कोर्टात व्हिडिओ द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाईलची हॅश, म्हणजे आकड्या-अक्षरांची ओळख, लिहावी लागते. वकील हे पाहून घेईल. तुमचं काम मूळ कार्ड जपणं आणि फाईल न कापणं. नको तो भाग छाटून ‘स्वच्छ’ केलेली फाईल पुढं संशयाला जागा देते.

विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर त्यातून स्वतःच्या गाडीचं काही मिळणार नाही, व्हिडिओ कितीही स्पष्ट असो. पूर्ण विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर पाहीपर्यंत दुरुस्ती करू नका. पण आधी हिशेब करा. दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, जातो. तो एका बिनदाव्याच्या वर्षानं २० टक्के, पाच बिनदाव्याच्या वर्षांनी ५० टक्के. दोन हजारांच्या ओरखड्यासाठी पुढच्या हप्त्यात त्याहून जास्त घालवण्यात अर्थ नाही.

महिन्याला एकदा

पहिल्या रविवारी गाडी धुताना मी तेवढ्यात हेही उरकतो. कार्ड काढून चार फाईली उघडतो: एक दिवसाची, एक रात्रीची, पुढची, मागची. मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट. घड्याळ पाहतो. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॅटरी मोजतो. १२.४ च्या खाली सलग दोन-तीन वेळा दिसली तर पार्किंग मोड बंद करून बॅटरीवाल्याकडं जातो. पावसाळ्यात काचेला आतून येणारा धुरकट थर पुसतो, त्यासाठी ओला फडका आणि नंतर जुनं वर्तमानपत्र पुरतं. आणि बोनेट उघडून तिथल्या वायरी बोटानं चाचपतो. तिथं कुरतडल्याच्या खुणा असतील तर ते उंदराचं काम, त्याच्यासाठी पिंजरा.